जोश्यांचं झाड

परदेशातून आल्यावर जेट लॅग चार दिवसांत उतरतो पण "फोटो कधी दाखवतोयस" हे काही उतरत नाही. लिफ्टमध्ये तेच, दूध आणायला गेलं की तेच, इस्त्रीवाल्याकडे उभं राहिलं तरी तेच. आम्ही मार्चमध्ये कॅलिफोर्नियाला बहिणीकडे जाऊन आलो, म्हणजे मी, बायको आणि आई. आल्यावर तीन रविवार मी पोट बिघडलंय, नळाचं काम आहे, ऑफिसचं आहे असं काहीबाही सांगून काढले. चौथ्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकांनी खालूनच हाक मारली, "अरे आहेस ना आज? मग पाचला येतो," आणि पाचला ते आले तेव्हा त्यांच्या मागे अख्खा जिना होता.

आमचा हॉल दहा बाय चौदा. त्यात सोफा, शोकेस, आईचा दिवाण आणि सोळा माणसं. काकांनी टीव्हीसमोरची मधली खुर्ची घेतली, वहिनी मंडळी दिवाणावर, पोरं खाली सतरंजीवर. सेक्रेटरी दारातच उभे राहिले कारण त्यांना लगेच निघायचं होतं (ते शेवटपर्यंत होते आणि पोहे दोनदा घेतले).

फोन टीव्हीला जोडायला म्हणून मी वीस मिनिटं खपलो. एकाच घरात राहून अबोला धरलेल्या जावा असतात ना तसं त्या दोघांचं चाललेलं, तो इकडे आणि हा तिकडे, ओळखच दाखवेनात. शेवटी काकांचा सातवीतला नातू उठला, दहा सेकंदात काहीतरी केलं आणि म्हणाला, काका तुमचा नाही होत, काकूंचा फोन कनेक्ट झालाय, चालेल ना? मी म्हटलं चालेल, फोटो तेच आहेत. हे वाक्य मला पुढे महागात पडणार होतं पण तेव्हा मला काय माहीत.

आता मुळात तिकडे गेलोच कशाला ते सांगतो. बहीण राहते अर्वाइनला, लॉस एंजलिसच्या खाली. लोक तिथे जाऊन डिस्ने बघतात, स्टुडिओ बघतात, लास वेगासला जाऊन पैसे घालवून येतात. पण आमचा मेहुणा पडला निसर्गप्रेमी. दोन-अडीच तासांवर एक वाळवंट आहे म्हणाला, तिथली झाडं आणि दगड जगात कुठे बघायला मिळणार नाहीत. मी म्हटलं दगड? म्हणाला हो, दगड. मी बायकोकडे बघितलं, बायकोने आईकडे, आणि आई म्हणाली जावईबापू एवढं म्हणतायत तर जाऊया की. झालं. आईने जावयाच्या बाजूने एकदा मत टाकलं की आमच्याकडे मतमोजणी होत नाही.

पहाटे पाचला निघालो. वाळवंट म्हणून मी बर्म्युडा आणि अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट घातलेला, डोक्यावर टोपी, नाकाला सनस्क्रीन. पोचलो तर दात वाजायला लागले. कारण मेहुण्याने सांगितलं नव्हतं (म्हणजे सांगितलं होतं असं तो म्हणतो) की हे वाळवंट उंचावर आहे, पार्कचा पश्चिमेकडचा भाग साधारण हजार-बाराशे मीटर, म्हणजे जवळपास आपलं महाबळेश्वर, आणि मार्चमधल्या सकाळी तिथे जो वारा सुटतो तो थेट हाडांत जातो. बहिणीकडे जादा ट्राउझर होती मेहुण्याची, ती मी गाडीतच कशीबशी चढवली. मेहुणा सहा फूट, मी पाच चार. दोन्ही पाय तीन-तीनदा दुमडले. आई मात्र नऊवारीवरून पाचवारीवर आली तेव्हापासूनची सगळी तयारी ठेवून असते, साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, डोक्याला कानटोपी आणि पायात भाचीचे गुलाबी स्पोर्ट्स शूज. ती मजेत होती.

जागेचं नाव जोशुआ ट्री नॅशनल पार्क. बहिणीने चारदा सांगूनही आईच्या कानाला ते जोशीच ऐकू आलं, आणि मग दिवसभर "हे बघ जोश्यांचं झाड", "ते बघ, जोश्यांकडे फुलं आलीत" असंच चाललेलं. रविवारी टीव्हीवर पहिला फोटो आला आणि आईने दिवाणावरून जाहीर केलं, "हे जोश्यांचं झाड." काका खुर्चीत ताठ झाले. त्यानंतर पाऊण तास त्या झाडाबद्दल कुणी काही वाकडं बोललं की ते आमच्याकडे असं बघायचे जसं काही त्यांच्या काकांबद्दलच बोललंय.

तर झाड. बाटल्या धुवायचा ब्रश असतो ना, तसे पंचवीस-तीस ब्रश घ्या, एका वेड्यावाकड्या खांबाला जमेल तिथे जमेल तसे खोचा, काही वर, काही आडवे, एखादा खाली लोंबता, आणि खांबाला जुन्या गोणपाटासारखी वाळकी पानं गुंडाळा. हे झालं एक. अशी नजर जाईल तिथपर्यंत. एकासारखं दुसरं नाही, आणि एकाचीही सावली पडत नाही. म्हणजे पडते, पण त्यात उभं राहायचं तर आधी स्वतः ब्रश व्हायला पाहिजे. नावामागे एक गोष्ट सांगतात, की एकोणिसाव्या शतकात मॉर्मन लोक त्या भागातून जात होते, त्यांना हे हात वर केलेलं झाड बघून बायबलमधला प्रार्थना करणारा जोशुआ आठवला. मला विरार लोकल आठवली. सकाळी अंधेरीला दारात जेवढे हात वर असतात आणि ज्या ज्या कोनात असतात, अगदी तसेच, नुसत्या पिशव्या लटकवायच्या बाकी.

आणि गंमत म्हणजे ते झाडच नाही. मी रात्री जागून सगळं वाचून ठेवलेलं, रविवारी सांगायला म्हणूनच, तर सांगायला सुरुवात केली की ही युक्का आहे, आपल्याकडे बांधावर, रुळांच्या कडेला घायपात असतं ना, त्याची लांबची बहीण. आत लाकूड असं नसतंच, नुसते धागे, त्यामुळे कापलं तरी वर्तुळं मोजून वय काढता येत नाही. उंचीवरून अंदाज बांधायचा, आणि वाढतं वर्षाला दोन-तीन इंच, कधी तेवढंही नाही. साधारण दीडशे वर्षं जगतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, म्हणजे आपल्या रिडेव्हलपमेंटसारखंच. सगळे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत.

मग मी पतंगाचं सांगितलं. मला वाटलेलं हे ऐकून हॉल शांत होईल, कारण मला स्वतःला ते वाचून रात्री झोप आली नव्हती. या झाडाच्या फुलात मध जवळपास नाहीच, त्यामुळे मधमाशी वगैरे कुणाचा भरवसा नाही, एकच छोटासा पतंग आहे, दिव्यावर येतात तसला, त्याची मादी एका फुलातले परागकण गोळा करते, चक्क तोंडाजवळ त्याचा गोळा करून धरते, दुसऱ्या फुलावर जाते, आत अंडी घालते आणि मग तो गोळा जिथे लावायला हवा बरोब्बर तिथे दाबून बसवते. का तर बी धरलं तरच तिच्या पोरांना खायला मिळणार. पोरं थोडं बी खातात, बाकीचं झाडाला सोडतात. झाड नसेल तर पतंग नाही आणि पतंग नसेल तर झाडाला बी नाही. इतकं सगळं हात हलवून सांगितलं आणि काकांच्या सूनबाई म्हणाल्या, "अहो पण तुम्ही जेवलात कुठे?"

हा खरा प्रश्न होता. यानंतर सगळा कार्यक्रमच तिकडे वळला. तिथे काही मिळत नाही हे मी सांगितलं. काही म्हणजे? काही म्हणजे काही नाही, चहा नाही, वडापाव नाही, शहाळं नाही, भाजलेलं कणीस नाही. पार्क केवढा? साधारण 3,200 चौरस किलोमीटर. आपली मुंबई 600 च्या आसपास, म्हणजे पाच मुंबया ओळीने लावल्या आणि त्यात एकही टपरी नाही. हे ऐकून हॉलमध्ये जी शांतता पसरली ती पतंगाच्या वेळी मला हवी होती. गाडी आत न्यायचे तिकीट किती, तर आम्ही गेलो तेव्हा 30 डॉलर, सात दिवस चालतं. "म्हणजे अडीच हजार," सेक्रेटरी दारातून म्हणाले, "टपरी नाही त्याचे." बायकोने दशम्या, चटणी आणि मेथीचे ठेपले नेले होते म्हणून निभावलं, एका गुळगुळीत दगडावर बसून खाल्ले, आणि आईने सवयीने हात धुवायला पाणी मागितलं.

पाणी आत, अगदी कडेच्या दोन-चार जागा सोडल्या तर, नाहीच. जे काय भरायचं ते बाहेर गावात भरून घ्यायचं, आणि पार्कमधले बहुतेक संडास म्हणजे खाली खोल खड्डा, वर भांडं, पाणी शून्य. आईने दार उघडून बघितलं, बंद केलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बंडू, मी तीस वर्षं चाळीत राहिले." बास, एवढंच म्हणाली. या विषयावर रविवारी वीस मिनिटं चर्चा झाली. कोण काय करतं, कोण बाटली नेतं, कुणाच्या मावशीने स्वित्झर्लंडला काय केलं. 66 नंबरच्या फोटोत मागे तो संडास होता, तो सगळ्यांनी झूम करून बघितला. जोशुआची फुलं, जी दरवर्षी येत नाहीत, कधी पाऊस नीट पडला थंडी नीट पडली तरच येतात, आणि आम्हाला नशिबाने दिसली, पांढरी हिरवट, केवड्याच्या कणसाएवढी, त्यांचे माझे अकरा फोटो होते. ते अकरा मिळून नऊ सेकंद.

मोबाईलला रेंज नाही हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं पण त्यावर नातवंडं सोडून कुणी हळहळलं नाही. मला मात्र तिथे फार त्रास झाला. दर पाच मिनिटांनी हात खिशात जायचा आणि मेहुण्याची ट्राउझर असल्यामुळे खिसा गुडघ्याशी यायचा.

मग दगड. दगडांपाशी मी जरा सावरून बसलो कारण इथे मला काहीतरी समजावून सांगता येणार होतं. ते दगड बघितल्यावर पहिल्यांदा वाटतं की कुणी तरी आणून रचलेत. इमारतीएवढे ढीग, एकावर एक, गोल गरगरीत, एखादा टोकावर असा ठेवलेला की खालून जाताना आपण आवाज न करता जातो. जागेचं नावच जंबो रॉक्स. आता हे झालं कसं, तर दहा कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याच्याही आधी जमिनीखाली शिलारस वर यायला निघाला आणि पोचायच्या आधीच थिजला. त्याचा ग्रॅनाइटसारखा खडक झाला. म्हणजे बर्फी थापली ताटात. मग त्याला उभ्या आडव्या भेगा पडल्या, वड्या पाडल्यासारख्या. त्या भेगांतून पाणी मुरत गेलं आणि प्रत्येक वडीचे कोपरे आधी कुसकरले, कारण कोपऱ्याला तीन बाजूंनी पाणी लागतं. वड्यांचे झाले लाडू. मधली मऊ भुकटी नंतर पुरांनी वाहून नेली आणि लाडू एकावर एक बसले. हे मी बोलत असतानाच आतून बायको खरंच ताट घेऊन आली, त्यामुळे विषय लाडवांवरून सरळ पोह्यांवर गेला.

जोशी काका मात्र लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "किती कोटी म्हणालास?" म्हटलं दहा. "आपला गिल्बर्ट हिल?" म्हटलं साडेसहा. ते जरा हिरमुसले. गिल्बर्ट हिल आमच्या बिल्डिंगच्या मागे आहे, अंधेरीतला तो 200 फुटी काळा सुळका, लाव्हा थिजून उभे खांब झालेत त्याचे, वर गावदेवीचं देऊळ, पायऱ्या आहेत. पूर्वी आमच्या खिडकीतून पूर्ण दिसायचा, आता दोन टॉवरच्या मधून, दाराच्या फटीतून कुणी डोकावावं तेवढा. "पण असे उभे खांब आहेत का त्यांच्याकडे?" काकांनी विचारलं. म्हटलं आहेत की, वायोमिंगला आहे मोठा. "ते आलंय मला व्हॉट्सॲपवर," काका म्हणाले, "पण त्याच्यावर देऊळ नाही." यावर मी काय बोलणार. मग त्यांनी विचारलं तू शेवटचा कधी चढलास आपल्या हिलवर, आणि मी घाईने पुढचा फोटो लावला.

पुढचा होता स्कल रॉक, म्हणजे कवटी. दगडाला दोन मोठ्या खोबणी आहेत, डोळ्यांसारख्या, मध्ये नाकाचा उंचवटा. आधी म्हणे नुसता खळगा होता, त्यात पावसाचे थेंब साचायचे, साचलेलं पाणी खडक पोखरायचं, खळगा मोठा झाला की जास्त पाणी साचायचं, असं होत होत डोळे झाले. लोक त्या डोळ्यांच्या खोबणीत बसून फोटो काढतात. तिथे गर्दी होती, रांग होती, आणि सांगायला हरकत नाही की दिवसभरात मला पहिल्यांदा तिथे घरच्यासारखं वाटलं. रांगेत उभं राहिल्यावर मागच्या माणसाचा श्वास मानेवर पाहिजे पण अमेरिकन माणूस दोन हात लांब उभा राहतो, त्या मोकळ्या जागेत दोनदा कुणीतरी घुसेल अशी मला धास्ती वाटली. कुणी घुसलं नाही. आईला कवटी दिसलीच नाही. तिला गणपती दिसला. तिला त्या दिवशी एकूण सात गणपती, एक मारुती आणि एक बसलेला नंदी दिसला. प्रत्येक ठिकाणी चप्पल काढायला लागली तशी बहीण म्हणाली, अगं आई, शूज आहेत, नाड्या आहेत.

मध्ये मी एका बाईंची गोष्ट पण सांगायचा प्रयत्न केला. मिनर्व्हा हॉइट म्हणून एक श्रीमंत बाई होत्या, साउथ पॅसाडेनाच्या, मुलगा आणि नवरा गेल्यावर या वाळवंटात त्यांचा जीव रमायला लागला. त्या काळी लोक इथली झाडं आणि निवडुंग उपटून ट्रक भरभरून नेत होते, बागेत लावायला. बाईंनी काय केलं, तर 1920 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क, बोस्टन, लंडन इथे प्रदर्शनात वाळवंटच मांडून दाखवलं, झाडं, दगड, सगळ्यासकट. लोकांना ते आवडलं, आणि पुढे रूझवेल्टच्या मागे लागून 1936 साली त्यांनी ही जागा संरक्षित करून घेतली, 1994 ला तिचं नॅशनल पार्क झालं. माझं म्हणणं एवढंच की लंडनच्या लोकांनी गप्प बसून वाळवंट बघून घेतलं. आमच्याकडे या गोष्टीच्या वेळी तिखट कमी पडलंय का यावर मतं घेणं चालू होतं.

कीज व्ह्यूचे फोटो भरभर गेले, तिथे वाऱ्याने सगळ्यांचे डोळे मिटलेत. खरं तर ती जागा भारी आहे, खाली अख्खी कोचेला व्हॅली दिसते, लांब सॉल्टन सी चमकतो, आणि त्या दरीतून सॅन अँड्रियास भेग जाते, जिथे जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांना घासतात आणि कॅलिफोर्नियाला भूकंप होतात. आईने विचारलं कुठली रेघ, मेहुण्याने बोट दाखवलं, आईने लगेच दोन पावलं मागे घेतली.

आणि मग तो फोटो आला.

तो माझ्या फोनमध्ये नव्हता. तो भाच्याने काढलेला आणि बहिणीने फॅमिलीच्या शेअर्ड अल्बममध्ये टाकलेला, आणि आमच्या हिने तो "डिलीट केला" असं मला दोनदा सांगितलेलं. 43 इंची टीव्हीवर. रस्त्याच्या कडेला उभी गाडी, उघडं दार, दाराच्या कडेला मेहुणा आकाशाकडे बघत आईची शाल दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरून, आणि शालीच्या खालून माझे दोन पाय, तीनदा दुमडलेली ट्राउझर आता घोट्यापाशी, आणि माझ्या मागे वाकलेली आई, डोळ्यांवर चष्मा, हातात फणी.

"हे काय रे?" जोशी काका म्हणाले. मी पुढचं बटण दाबलं, पण फोन माझा नव्हता ना.

"मी सांगते," आई म्हणाली, आणि दिवाणावर मांडी घालून बसली.

झालं होतं असं की दुपारी आम्ही खाली उतरत उतरत दुसऱ्या वाळवंटात गेलो. त्या पार्कात दोन वाळवंटं एकमेकांना भेटतात, वरचं मोहावी आणि खालचं कोलोरॅडो, आणि खाली आलं की जोश्यांची झाडं संपतात. तिथे एका ठिकाणी चोया निवडुंगाचं रान आहे, आत फिरायला छोटीशी पायवाट. टेडी बेअर चोया म्हणतात त्याला, कारण लांबून ते मऊ लवेचं वाटतं, उन्हात सोनेरी दिसतं, हात फिरवावासा वाटतो. त्याला उडी मारणारा चोया पण म्हणतात. तो उडी मारत नाही. त्याच्या फांदीची पेरं इतकी सैल असतात की नुसता धक्का लागला, लागला असं वाटलं तरी तुटून चिकटतात. मी आईचा, हिचा आणि बहिणीचा एकत्र फोटो काढत होतो, तिघी फ्रेममध्ये मावेनात म्हणून एक पाऊल मागे गेलो. मग अजून एक.

मी ओरडलो नाही. आई म्हणते मी ओरडलो. मी एवढंच म्हटलं की अगं कोणीतरी धरलंय मला मागून, आणि हात मागे नेला, आणि मग ते हातालाही लागलं. लिंबापेक्षा जरा मोठं पेर, एक मागे आणि त्याचाच तुकडा अंगठ्याला. त्याच्या प्रत्येक काट्याला डोळ्याला न दिसणाऱ्या उलट्या कुसळ्या असतात, गळाला असतात तशा, आत जाताना सुळकन जातो आणि ओढला की कातडी तंबूसारखी वर येते. मी ओढलं. कातडी तंबूसारखी वर आली. मेहुणा म्हणाला थांब, गूगल करतो, आणि मग त्यालाच आठवलं रेंज नाही. भाचा म्हणाला, मामा, ते असंच पसरतं, प्राण्यांना चिकटतं, लांब जाऊन पडतं आणि तिथे रुजतं. तो हे आनंदाने सांगत होता. पोरगा हुशार आहे.

आता फणी कुठून आली. तर भाचीच्या शाळेत उवांची साथ आलेली. हो, अमेरिकेत. बहिणीने रात्री दोनला फोन करून आईला सांगितलेलं की इथे हजार प्रकारचे शांपू आहेत पण फणी म्हणावी अशी फणी नाही, येताना घेऊन ये. आई स्वतः दादरला जाऊन दोन्ही बाजूंनी दात असलेली लाकडी फणी घेऊन आलेली आणि आल्यापासून रोज संध्याकाळी नातीला पुढ्यात घेऊन बसत होती, त्या दिवशीही गाडीत तेच चाललेलं. ती फणी तिच्या पर्समध्येच होती. तिने काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही, जाऊन ती काढली, चष्मा लावला, म्हणाली, "वाक." पेर आणि कातडीच्या मधल्या फटीत फणी सरकवली, आणि ऊ काढून नखावर घ्यायला जसा एक झटका देतात तसा दिला. पेर उडून रस्त्यापलीकडे. अंगठ्याचंही तसंच. मागून कळलं की तिथले लोक हेच करतात, चोयात जायचं तर खिशात कंगवा ठेवतात, हाताने धरायचं नाहीच. आईला हे कुणी सांगितलं? "अरे, कुसळ काढायची अक्कल लागते त्यात काय," एवढंच.

उरलेले सुटे काटे, बावीस, बहिणीच्या भुवया कोरायच्या चिमट्याने. मोजले आईने. मोठ्याने. मध्येच एक गोरं कुटुंब गाडी थांबवून विचारायला आलं की एव्हरीथिंग ओके? आईने मान वर न करता सांगितलं, "ओके, ओके. माय सन." त्यांनी मान डोलावली आणि गेले. त्यांना नेमकं काय समजलं याचा विचार मी अजून रात्री करतो.

परतीचे सव्वादोन तास मी गाडीत गुडघ्यांवर उलटा बसून मागची काच बघत आलो. वाटेत इंडिओला खजूर घेतले, ती सगळी दरी खजुराच्या बागांची आहे, अमेरिकेतले बहुतेक खजूर तिथलेच. चार बॉक्स आणले. रविवारी पोह्यांनंतर फिरवले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, छान आहेत, पण असेच क्रॉफर्ड मार्केटला मिळतात.

पण आईची गोष्ट चालू असताना कुणी खजुरालाही हात लावला नाही. सोळा माणसं, पोरं धरून, एकटक. सेक्रेटरी दारातून आत येऊन सतरंजीवर बसले. आईने तिखट मीठ लावलं असं मी म्हणणार नाही पण बावीसचे रविवारी चाळीस झाले. "वाक" म्हणतानाचा आवाज तिने दोनदा करून दाखवला, दुसऱ्यांदा आग्रहावरून. मग ती आत गेली आणि फणी घेऊन आली. दोन दात तुटलेत तिचे. जोशी काकांनी ती हातात घेतली, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली, दातांत अडकलेली एक सोनेरी कुसळी बोटाने दाखवली आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "हे बघा. हे आमच्या झाडाचं नव्हे. ते दुसरं."

पतंग, दहा कोटी वर्षं, मिनर्व्हाबाई, सगळं मी तीन रात्री जागून पाठ केलेलं. जाताना एकानेही त्यातलं काही विचारलं नाही. जिन्यातून मात्र बराच वेळ "वाक" ऐकू येत होतं, आधी पोरांचे आवाज, मग मोठ्यांचे पण.

परवा सोसायटीची वार्षिक सभा होती, गच्चीवर. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, मी जरा उशिरा पोचलो, शेवटच्या रांगेत एकच रिकामी होती. त्यावर कुणीतरी घरून आणून उशी ठेवलेली. मी इकडेतिकडे बघितलं, सेक्रेटरी हिशोब वाचत होते, जोशी काका आकाशाकडे बघत होते. बसलो.